मदत हवी आहे: आजीची पैठणी जपावी की कापावी?

आजीच्या लग्नातली नऊवारी पैठणी माझ्याकडे आली आहे. काठ-पदर अजून भक्कम आहेत, जरीकाम चांदीचं. पण अंगाचं रेशीम घड्यांवर विरलंय, बोट लागलं तरी चिरतं. दादरच्या एका रफूवाल्याने टाका धरणार नाही म्हणून परत दिली. दुसरा मागून जाळी लावायला तयार आहे, पण आधी ड्रायक्लीन करा म्हणतो. त्याचीच भीती वाटते. डांबराच्या गोळ्या काढल्या, मलमलीत गुंडाळून ठेवलीय. तरी मुंबईच्या दमट हवेत काठ काळवंडतायत. जरीसाठी विकायची मुळीच नाही. बहिणीला तिच्या लग्नात पदर अंगावर घ्यायचाय. काठ-पदर सोडवून नव्या रेशमावर चढवले तर टिकतील का? की अख्खी तशीच जपावी? मुंबईत हे काम कुणाकडून करून घेतलंय का?