सागवान विनियरच्या दोन शटरचा रंग जुळत नाही. मशीनचं ऐकू की डोळ्याचं?

लाकूडफाटा (प्रश्न):
राजेहो, नागपुरात धरमपेठेत एका घरी सागवान विनियरचं, म्हणजे प्लायवर सागवानाचा पातळ पापुद्रा चिकटवलेलं, कपाट बसवलं. विनियर लकडगंजातून आणलेलं, एकाच गठ्ठ्यातलं. पॉलिशखालचा सीलर एका डब्यातला, मॅट पीयू पॉलिशचे दोन्ही हात एकाच दिवशी. तरी घरच्या काकू म्हणतात, "डावं शटर काळं दिसते, बदलून द्या." मलाही दिसते, खोटं काहून बोलू?

भाचा रंगाच्या कामात आहे, त्यानं रंग मोजायचं मशीन आणलं अन् दोन्ही शटरवर एकेकदा टेकवलं. डावं: एल (उजळपणा) 48.2, ए (लालसरपणा) 14.1, बी (पिवळेपणा) 24.6. उजवं: 53.1, 12.0, 28.0. डेल्टा ई, म्हणजे दोन रंगांतला एकूण फरक, 6.3. तो म्हणतो, एकाच्या आसपासचा फरक डोळ्याला जेमतेम कळतो, सहा म्हणजे लय झालं.

डाव्याचं पॉलिश काढून स्टेन (लाकडात मुरणारा रंग) मारू का? विनियर अर्धा मिलिमीटर. पॉलिश पेपर थोडा जास्त फिरला की प्लाय उघडी.

रंगमाप्या:
भाऊ, भिंतीचा रंग एका रीडिंगवर चालून जातो, लाकडाचा नाही. मशीनचं भोक जेमतेम 8 मिलिमीटरचं असेल. ते एकदा गडद रेषेवर बसलं अन् एकदा फिक्या पट्ट्यावर, की संपलं. प्रत्येक शटरवर दहा जागा घ्या, मशीन रेषांना एकाच दिशेनं धरा, सरासरी काढा. आणि एकाच शटरच्या आत किती फरक येतो तेही लिहून ठेवा.

जुना पॉलिशवाला:
हात लावू नका! बुकमॅच केलं ना? पुस्तकासारखं एक पान उलटवलं की त्याचे तंतू दुसरीकडे झुकतात. एका बाजूनं चमकते, दुसऱ्या बाजूनं काळवंडते. स्टेननं हे जात नाही. खिडकीकडून पाहा, मग उलट्या बाजूनं पाहा.

लाकूडफाटा:
काल जाऊन आलो. दहा-दहा रीडिंगच्या सरासरीत डेल्टा ई 1.9. अन् एकट्या डाव्या शटरवरच दोन जागांत 5.4!

खिडकीपाशी उभं राहिलं की डावं काळं, पलंगाकडून पाहिलं की उजवं. काकूंना दोन्हीकडून दाखवलं. चष्मा पुसून दोन-तीन चकरा मारल्या त्यांनी, मान डोलावली.

आता म्हणतात, "झोपतो तर आम्ही इकडंच, मग उजवं बदला."