साहेलमधले खड्डे आणि झाडांची मालकी
'आफ्रिकी देशांना हवामानबदलाला तोंड द्यायचं तंत्र बाहेरूनच आणावं लागेल' हे मत बरेचदा ऐकू येतं, पण मला ते अजिबात पटत नाही. साहेल म्हणजे सहारा वाळवंटाच्या दक्षिणेचा कोरडा पट्टा; तिथल्या बुर्किना फासो देशातले शेतकरी याकुबा सावाडोगो यांचंच पाहा. १९८० च्या आसपास, दुष्काळ सोसून त्यांनी 'झाई' ही जुनी पद्धत सुधारली. पावसाआधीच दगडासारख्या टणक जमिनीत वीतभर खड्डे खणायचे, त्यात शेणखत घालायचं. खताला वाळवी लागते, तिच्या बिळांतून पावसाचं पाणी खोल मुरतं. तिथेच ज्वारी-बाजरी टोकायची!

आणि धोरण म्हणाल, तर शेजारच्या नायजरमध्ये शेतातली झाडंही सरकारी मालकीची होती. मग शेतकरी फुटवा कशाला राखेल? ती पकड सैल झाल्यावर सुमारे ५० लाख हेक्टरवर झाडी परतली. मुळं जमिनीत जिवंतच होती.