नदीच्या सोबतीने घाटातून : तुमचे अनुभव (अनुभव धागा)

सांजवात

गौरी-गणपती तोंडावर आलेत म्हणून काल देवघराखालचं कपाट उपसलं. पार मागच्या कोपऱ्यात, जुन्या खणात गुंडाळलेला तांब्याचा गडू निघाला. तोंडाला डाख लावलेला, म्हणजे धातू वितळवून तोंड बंद केलेलं. हलवून पाहिला तर आत पाणी डुचमळलं, आणि मी तिथेच फरशीवर बसले.

२०१२ चा जून. आई, बाबा, मामा-मामी, मी आणि माझा सात वर्षांचा लेक. ऋषिकेशहून पहाटे पाचला जीप निघाली बद्रीनाथला. तीनशे किलोमीटरच्या आत-बाहेरचा रस्ता, पण चालकदादांनी आधीच सांगितलं होतं की दोन दिवस धरा, पहाडात किलोमीटर मोजायचे नसतात, तास मोजायचे.

ऋषिकेश सोडलं की गंगा उजव्या हाताला येते. जाताना आपण डोंगराच्या बाजूने चालतो आणि येताना दरीच्या. आईने उजवीकडची खिडकी धरली ती दोन दिवस कुणाला दिली नाही. नदी वळणाआड गेली की गप्प व्हायची, दिसली की हात जोडायची. प्रत्येक वेळी. लेकाने मोजायला सुरुवात केली होती, शंभरनंतर त्याने सोडून दिलं.

देवप्रयागला गाडी वर रस्त्याला थांबली आणि खाली संगम दिसला. भागीरथी हिरवट, अलकनंदा मातकट. दोन रंग शेजारी शेजारी वाहतात, मग मिसळतात. दादा म्हणाले, भागीरथी टिहरीच्या धरणातून येते, गाळ तिथेच बसतो म्हणून ती निवळ. तिकडचे लोक खळाळत्या भागीरथीला सासू म्हणतात आणि शांत अलकनंदेला सून. इथून पुढे दोघींचं मिळून एकच नाव, गंगा. आई माहेरची कराडची. ती लगेच म्हणाली, "आमच्या कृष्णा-कोयनाही अशाच समोरासमोर येऊन भेटतात. पण त्या बहिणी हो. दोघी महाबळेश्वरातनं निघतात, वेगळ्या होतात आणि कराडात येऊन गळ्यात पडतात."

बाबांचे गुडघे दुखायचे. तरी ते सगळ्या पायऱ्या उतरून खाली गेले, घाटावरची साखळी धरून वाकले आणि हा गडू भरला. हरिद्वारला भरून, डाख लावून तयार मिळतो, पण त्यांना जिथे गंगा हे नाव लागतं तिथलंच पाणी हवं होतं. घरी आल्यावर तांबटाकडून डाख लावून घेतला. मावंदं, म्हणजे यात्रेहून आल्यावरचं जेवण घालू, सगळ्या भावकीला बोलावू, असं ठरलं होतं.

पुढच्याच जूनमध्ये केदारनाथचा पूर आला. रुद्रप्रयागची ती नदी टीव्हीवर बघवत नव्हती. बाबा त्या चालकदादांना दिवसभर फोन लावत होते. तिसऱ्या दिवशी लागला. दादा सुखरूप होते, बाबा फोनवरच रडले. त्या वर्षी मावंद्याचा विषय कुणी काढला नाही. नंतर बाबाच गेले.

तुमच्याकडेही असा एखादा नदीकाठचा घाटरस्ता असेल. लिहा ना. आणि इतकी वर्षं बंद असलेल्या गंगेचं काय करतात, कुणाला माहीत असेल तर तेही सांगा.

चिऊताई

सांजवात, डोळे भरून आले गं. कुकर लावलाय, नंतर सविस्तर लिहिते.

कोयनाकाठ

कराडचं नाव वाचलं आणि राहवलं नाही. तुमच्या आईंना नमस्कार सांगा. मी पाटण तालुक्यातला, वय ७१. आमचा रस्ता म्हणजे कराड, पाटण, हेळवाक आणि पुढे कुंभार्ली घाट. कोयना महाबळेश्वराहून निघून दक्षिणेकडे येते आणि हेळवाकला एकदम पूर्वेला वळते, तिथून कराडपर्यंत आमच्या सोबतीला असते.

वडील धरणावर कामाला होते. ११ डिसेंबर १९६७, पहाटेचा भूकंप. मी तेव्हा तेरा वर्षांचा. घराची भिंत पडली, आम्ही सगळे जिवंत बाहेर आलो, पण शेजारच्या घरातले दोघे गेले. दुसऱ्या दिवशी एका मालट्रकमधून आम्हा पोराबायकांना कराडला नेलं. थंडी होती, आईने एकाच घोंगडीत आम्हा चार भावंडांना घेतलेलं. लोक म्हणत होते धरण फुटणार. मी सबंध रस्ता नदीकडे बघत होतो, पाणी वाढतंय का ते. नदी रोजच्यासारखीच चालली होती. धरण उभं राहिलं, अजून आहे. पण आजही त्या रस्त्याला लागलो की माझी नजर आधी पाण्याच्या पातळीवर जाते.

एक गोष्ट तरुण मंडळींना सांगतो. कोयनेचं पाणी दोन समुद्रांना जातं. कराडला कृष्णेत मिळतं ते बंगालच्या उपसागराला. आणि धरणातलं जे बोगद्याने डोंगर पार करून पोफळीच्या वीजघरात उतरतं ते वाशिष्ठीत जातं, चिपळूणवरून अरबी समुद्राला. भर मेमध्ये वाशिष्ठीला पाणी दिसतं ते आमचं.

बकुळफुलं

@कोयनाकाठ काका, मी चिपळूणची. आम्ही लहानपणापासून तुमचंच पाणी बघत वाढलो हे आज कळलं असं नाही, पण असं कुणी सांगितलं नव्हतं. २२ जुलै २०२१ ला आमच्या तळमजल्यावर छतापर्यंत पाणी होतं. तरीही नदीवर राग धरता येत नाही. काळजी घ्या काका.

कोयनाकाठ

बकुळ, घर सावरलं का आता?

बकुळफुलं

हो काका. वरच्या मजल्यावर राहायला गेलो. खाली फक्त दुकान.

माऊलीचीनात

चंद्रभागा म्हटलं की पंढरपूर, बरोबर? माझ्या आजीची कथा ऐका.

२०२२, मनालीहून केलाँगला निघालो होतो. अटल बोगदा ९ किलोमीटरचा, या टोकाला देवदाराची झाडी आणि त्या टोकाला बाहेर पडलं की एकदम उघडे डोंगर आणि खाली चंद्रा नदी. सिस्सूच्या पुढे ती बरोबरच असते. आजी ७६ वर्षांची, आळंदीहून सोळा वेळा पायी वारी केलेली. त्या वर्षी गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे तिची वारी चुकली होती आणि ती आतून कोमेजली होती.

तांदीला चालक सहज बोलला की इथे चंद्रा आणि भागा मिळतात, पुढे चंद्रभागा म्हणतात, आणि तीच खाली चिनाब. आजी म्हणाली, "काय नाव म्हणालास? परत सांग." त्याने परत सांगितलं. गाडी थांबवायला लावली. तिला कळत होतं की पंढरपूरची चंद्रभागा म्हणजे भीमा, तिथे चंद्रकोरीसारखी वळते म्हणून ते नाव, आणि ही नदी वेगळी. सगळं कळत होतं. तरी मला आणि बाबांना धरून काठापर्यंत गेली, पाणी डोळ्यांना लावलं आणि "पुंडलिक वरदे" म्हणाली. बर्फाचं पाणी, हात लाल झाले होते. चालक पंजाबी, तो बिचारा पण हात जोडून उभा. त्यानंतर केलाँगपर्यंत आजी हरिपाठ म्हणत होती.

तांदीच्याच पेट्रोल पंपावर पाटी आहे, पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर. बाबांनी टाकी फुल्ल केली. आजी म्हणे, वर्षाचे दिवस लिहिलेत.

चिऊताई

वर्षाचे दिवस 😄 आजींना साष्टांग.

माझा अनुभव म्हणजे वरंधा घाट. भोरहून निघालं की नीरा नदी, मग नीरा देवघरचं पाणी किती वेळ रस्त्याला लागून. माहेर महाडकडे, त्यामुळे लग्नानंतरची पहिली पंधरा वर्षं हाच रस्ता. मुलीला घाट लागायचा. दर खेपेला वाघजाईपाशी थांबायचं, देवीला नारळ, तिथल्या टपरीवर कांदाभजी आणि चहा, मग खाली उतरायचं. एकदा श्रावणात धुकं इतकं होतं की मी उतरून गाडीच्या पुढे चालत होते, पांढरा रुमाल हातात धरून, आणि हे माझ्या मागे मागे पहिल्या गिअरमध्ये. पाऊण तास. बाजूला कुठेतरी पाण्याचा आवाज, दिसत काही नाही. त्या आवाजावरून दरी कुठे ते कळत होतं.

घाट लागणाऱ्यांसाठी आलेपाक घरचाच न्या. विकतच्यात नुसती साखर असते.

एसटीप्रेमी

@चिऊताई आलेपाकाचं प्रमाण द्या की. बायकोला भयंकर गाडी लागते, आम्हाला दिवाळीत आंबेनळी घाटाने जायचंय.

चिऊताई

वाटलेलं आलं एक वाटी, साखर दोन वाट्या, दूध अर्धी वाटी. गोळा कडेने सुटला की तूप लावलेल्या ताटात थापायचं. आलं जून नको, धागे राहतात.

पोलादपूरची

आंबेनळी वाचून आले. सावित्री आमची. पोलादपूरहून महाबळेश्वरला चढताना खाली जी दिसते ती. कृष्णा, कोयना, वेण्णा, गायत्री आणि सावित्री, पाचही महाबळेश्वरच्या, पण सावित्री पश्चिमेला कोकणात उतरते, बाणकोटच्या खाडीतून समुद्राला.

२ ऑगस्ट २०१६ ची रात्र. भाऊ मुंबईहून येत होता. महाडच्या अलीकडे चहाला थांबला, मला फोन केला की अर्ध्या तासात पोचतो. मग फोन लागेना. रात्री कुणीतरी सांगत आलं की सावित्रीचा पूल गेला, एसट्या गेल्या. आई उंबऱ्यात बसून राहिली. पहाटे चारला त्याचा फोन आला, पलीकडेच अडकला होता, पूल पडायच्या आधी टायर पंक्चर झालं म्हणून. मी नदीला काही बोलू शकत नाही. ज्यांचे आले नाहीत त्यांच्या घरांकडे बघितलं की आपलं सुख तोंडाने सांगवत नाही. पुढच्या पावसाळ्याआधी नवा पूल झाला. भाऊ त्यावरून जाताना अजूनही गाडी हळू करतो आणि नाणं टाकतो.

सांजवात

पोलादपूरची, काय लिहू. तुमच्या आईंना त्या रात्री काय झालं असेल.

मुळशीकर

कामावर आहे, थोडक्यात. ताम्हिणीला जाताना मुळशीच्या तलावाकडेने रस्ता जातो, सगळे फोटो काढायला थांबतात. माझी आजी थांबायची नाही. तिच्या आईचं गाव त्या पाण्याखाली. १९२१ ला सेनापती बापटांनी सत्याग्रह केला तो याच धरणाविरुद्ध. उन्हाळ्यात पाणी उतरलं की आजी एका टेकडाकडे बोट दाखवून म्हणायची, "त्याच्या खाली आमचं जातं राहिलं." ते पाणी खाली भिऱ्याला वीज करून कुंडलिकेत सोडतात आणि त्याच्यावर कोलाडला राफ्टिंग चालतं. मी एकदा मुलांना घेऊन बसलोय त्या बोटीत. मजा आली, आणि पूर्ण वेळ जातं डोळ्यांपुढे होतं.

पोर्टलंडवासी

इथे अमेरिकेत कोलंबिया नदीच्या घळीतला जुना रस्ता आहे, १९१६ चा. डोंगराला चिकटून, दगडी कठडे, आणि मल्टनोमा धबधबा ६२० फूट. आईबाबा आले तेव्हा नेलं. बाबा पाच मिनिटं बघत उभे राहिले आणि म्हणाले, "माळशेजला आहे की असं." मग मी त्यांना हाताला धरून पायवाटेने वर पुलापर्यंत नेलं. तुषार अंगावर आले तेव्हा बाबांनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि डोळे मिटून उभे राहिले. ते भिजलेले बाबा माझ्याकडे फोटोत आहेत. आता तिकडे यायला जमत नाही त्यांना. मीच येते दर डिसेंबरला.

एसटीप्रेमी

माळशेज 🙏 बाबांचं बरोबर आहे.

नव्याने घाटात गाडी घालणाऱ्यांना एकच विनंती. ज्या गिअरमध्ये चढता त्याच गिअरमध्ये उतरा, न्यूट्रल करू नका. सारखा ब्रेक दाबला की तापतो आणि ऐन वळणावर लागत नाही. आणि चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्या. २६ वर्षं एसटी चालवली, वडीलकीने सांगतो.

माऊलीचीनात

@सांजवात, आजीला गडूचं विचारलं. ती म्हणते गंगा शिळी होत नाही. उघडायची, पूजा करायची, घरातल्यांना तीर्थ द्यायचं आणि उरलेली तुळशीला. मावंदं कधीही घालता येतं, ज्यांनी आणली ते नसले तरी.

कोयनाकाठ

आमच्याकडेही असंच. फक्त जुनं तांबं आहे, आतून बघून घ्या, हिरवं धरलं असेल तर पिऊ नका. नुसतं शिंपडा.

सांजवात

आताच आईला फोन केला. आधी काही बोललीच नाही. मग म्हणाली गडू कराडला घेऊन ये, भावकीला सांगते. पंचवीस-तीस पानं होतील. थोडं पाणी प्रीतिसंगमावर, कृष्णा-कोयना भेटतात तिथे, सोडायचं आहे तिला. डाख काढायला तिथलाच तांबट बघते म्हणाली.

चिऊताई

पुरण किती किलोचं घालताय? तीस पानांना अडीच किलो डाळ लागेल. मी लग्नात अंदाज चुकले होते, आधीच सांगते.

बकुळफुलं

अडीच खूप होते चिऊताई, दोन पुरे. कटाची आमटी असेल ना?