‘अ‍ॅसिड-फास्ट’मधला फास्ट म्हणजे काय? आणि रंजन की अभिरंजन?

अनुवादवेडी
टीबीच्या थुंकी तपासणीवरची माहितीपत्रिका मराठीत करतेय. आधीच्या मसुद्यात ‘अ‍ॅसिड-फास्ट बॅसिलस’चं ‘जलद आम्ल जिवाणू’ झालंय. हसून झाल्यावर लक्षात आलं की बरोबर शब्द मलाही सुचत नाहीये. शिवाय स्टेनिंगला, म्हणजे जंतू दिसावेत म्हणून त्यांना रंग देण्याला, काय म्हणू? ‘रंजन’ वाचलं की दिवाळी अंकच डोळ्यांसमोर येतो.

थेंबभर तेल
हा फास्ट वेगाचा नाही, कापडाचा. साडी घेताना आपण विचारतो ना, रंग पक्का आहे का, जाणार तर नाही? तोच. झील-नील्सन पद्धतीत काचपट्टीवरच्या थुंकीच्या लेपावर कार्बोल फुक्सिन हा लाल रंग ओतायचा आणि खालून वाफ दिसेपर्यंत तापवायचं. उकळू द्यायचं नाही. मग २५ टक्के सल्फ्युरिक आम्लाने धुवायचं. बाकी सगळ्यांचा रंग जातो, पण क्षयाच्या जंतूच्या भिंतीत मेणासारखा थर असतो, तो रंग सोडत नाही. शेवटी मिथिलीन ब्लू. निळ्यावर बारीक लाल काड्या दिसल्या की समजायचं.
‘आम्लस्थायी’ हा शब्द आहे, पण तो वाचून रुग्णाला काय कळणार?

जुने मास्तर
रंजनाला हसू नका! ‘रञ्ज्’ म्हणजे रंगणं, लाल होणं. रंग, राग, रक्त, अनुरक्त ही सगळी एकाच घरची मंडळी. मनोरंजन म्हणजेही मन रंगवणं. तेव्हा जंतूंचं रंजन मूळ अर्थाला जास्त धरून आहे, दिवाळी अंकातलं नंतरचं. (तोफेच्या कानात घालायच्या दारूलाही रंजक म्हणत, पण ती वाट इथे नको.) तरी आज गैरसमज होतोच, म्हणून ‘अभिरंजन’ वापरावं. ‘अभि’ने अर्थात फारशी भर पडत नाही, पण करमणुकीपासून सुटका होते.

अनुवादवेडी
आणि जंतू रंगवायच्या दुसऱ्या, ग्रॅमच्या पद्धतीतलं ग्रॅम-निगेटिव्ह? मसुद्यात ‘ग्रॅम-नकारात्मक’ आहे. जंतूला समुपदेशनाला पाठवावं असं वाटतं.

जुने मास्तर
त्यात दुसरी गोची अशी की देवनागरीत कॅपिटल अक्षर नाही, त्यामुळे वाचणारा वजनातला ग्रॅम समजतो. हे हान्स क्रिस्टियन ग्रॅम, डेन्मार्कचे. १८८४ साली बर्लिनमध्ये न्यूमोनियाने दगावलेल्यांच्या फुप्फुसांचे छेद रंगवत होते. जांभळा रंग धरणारे (पॉझिटिव्ह) आणि सोडणारे (निगेटिव्ह) अशी जंतूंची दोन गटांत वाटणी करायला ते निघालेच नव्हते; पेशींच्या गर्दीत जंतू उठून दिसावेत एवढंच हवं होतं. विषमज्वराचे जंतू रंग सोडतात हे त्यांना दिसलं, आणि पुढे त्या सोडण्यालाच महत्त्व आलं.
जुन्या लेखनात ‘ग्रॅम-व्यक्त’ आणि ‘ग्रॅम-अव्यक्त’ वाचल्याचं आठवतं. मला अव्यक्त पटत नाही. शेवटी सॅफ्रॅनिन हा लाल रंग घातल्यावर ते चांगले गुलाबी दिसतात की! ‘ग्रॅम-ऋण’ म्हटलं तर विद्युतभार वाटतो.

थेंबभर तेल
रिपोर्टात ग्रॅम निगेटिव्हच राहू द्या, नाहीतर डॉक्टरांचा फोन येईल. समजावताना ‘जांभळा रंग धरून ठेवणारे’ आणि ‘सोडणारे’ म्हणा. रंग धरणं, सोडणं, बसणं, उतरणं ही आपली धुण्याची भाषा इथे नेमकी बसते, कारण हे रंगही मूळचे कापडाच्याच धंद्यातले. ग्रॅमच्या पद्धतीत आयोडीन घालतो ते रंगबंधक म्हणून. रंगारी तुरटी वापरतात, तोच हेतू. आणि तो जांभळा रंग? लहानपणी तोंड आल्यावर लावायचे ते जांभळं औषध, जेन्शन व्हायोलेट. तेच, जवळजवळ.

अनुवादवेडी
अय्या! जीभ आठवली. मग डिकलरायझेशनला, म्हणजे तो रंग धुऊन काढण्याला, ‘विरंजन’ चालेल?

थेंबभर तेल
अजिबात नको. विरंजक चूर्ण म्हणजे ब्लीचिंग पावडर, ती रंग मारते. इथे रंग मरत नाही, नुसता निघून येतो. काचपट्टी तिरपी धरून अल्कोहोल सोडलं की जांभळे ओघळ सिंकमध्ये उतरताना दिसतात. ओघळणारा थेंब स्वच्छ आला की लगेच पाणी. मी एकदा बोलत उभी राहिले, तेवढ्या चार-पाच सेकंदांनी, जांभळे राहायला हवेत ते स्टॅफिलोकोकस जंतूंचे घोस शेवटी गुलाबी दिसले. अख्खी पट्टी पुन्हा करावी लागली.

अनुवादवेडी
‘रंग उतरवणे’ लिहिते. आणि एएफबीला, म्हणजे त्या ‘जलद आम्ल जिवाणू’ला, ‘आम्लाने धुतल्यावरही रंग न सोडणारे जिवाणू’. लांबलंय, पण ‘जलद आम्ल’पेक्षा बरं.