सीक्वेल की एसक्यूएल: संगणकीय संज्ञांचे देवनागरी लेखन

रोमन लिपीत संज्ञा लिहिणाऱ्याला तिच्या उच्चाराची जबाबदारी घ्यावी लागत नाही. देवनागरीत लिहिणाऱ्याची त्यातून सुटका नाही. डेटाबेसला, म्हणजे संगणकातील माहितीसाठ्याला, प्रश्न विचारण्याच्या सुप्रसिद्ध भाषेला काही जण 'एसक्यूएल' म्हणतात, तर काही 'सीक्वेल', आणि दोन्ही पक्ष एकमेकांना अडाणी समजतात. वस्तुतः 'सीक्वेल' हेच मूळ नाव आहे. आयबीएम या संगणक कंपनीच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी ही भाषा घडवली व १९७४ साली याच नावाने ती मांडली. मात्र हे नाव हॉकर सिडली या ब्रिटिश विमान कंपनीचे व्यापारचिन्ह असल्याचे आढळल्यामुळे त्याच्या रोमन लेखनातील स्वर गाळून एस, क्यू, एल ही तीन व्यंजने तेवढी ठेवण्यात आली. त्यामुळे 'सीक्वेल' म्हणणारा चुकत नाही, तो जुने नाव वापरतो. ही भाषा वापरणाऱ्या 'माय एसक्यूएल' या डेटाबेस-प्रणालीचे निर्मातेही अधिकृत उच्चार एकेक अक्षर सुटे वाचून सांगतात आणि 'माय सीक्वेल' म्हटल्यास हरकत नाही, अशी पुस्ती जोडतात. (त्यातले 'माय' हे निर्माते मॉन्टी विडेनियस यांच्या मुलीचे नाव, स्वीडिश भाषेत त्यात ओठांचा चंबू करून काढलेला एक स्वर येतो, जो मराठीत नाहीच.)

'कॅश मेमरी' म्हणजे वारंवार लागणारी माहिती हाताशी ठेवणारी संगणकाची वेगवान स्मृती. तिच्यातला 'कॅश' हा 'लपवणे' या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदापासून इंग्रजीत आला आणि १९६८च्या सुमारास आयबीएमच्या मोठ्या संगणकांच्या वर्णनातून संगणकशास्त्रात स्थिरावला. मराठीत तो रोख रकमेच्या 'कॅश'वर आदळतो. 'आधी कॅश रिकामी करा' ही सूचना बँकेत तरी जपूनच द्यावी. 'कॅशे' हा आपल्याकडे ऐकू येणारा उच्चार बहुधा या गोंधळातून सुटण्यासाठी सोयीचा वाटत असावा, परंतु तो इंग्रजीतल्या प्रतिष्ठावाचक अशा निराळ्याच शब्दाचा आहे. माझ्या मते 'कॅश मेमरी' असे पूर्ण लिहिल्यास प्रश्न उरत नाही.

निर्मात्याचा शब्द अखेरचा मानावा काय? कॉम्प्युसर्व्ह या अमेरिकी कंपनीत १९८७ साली हलत्या चित्रांसाठी पुढे गाजलेला 'जीआयएफ' (ग्राफिक्स इंटरचेंज फॉरमॅट) हा चित्रप्रकार तयार करणारे स्टीव्ह विल्हाइट 'जिफ' असेच म्हणत राहिले आणि २०१३ साली पुरस्कार स्वीकारतानाही त्यांनी तेच बजावले. तरी आद्याक्षर 'ग्राफिक्स'चे आहे, या युक्तिवादावर 'गिफ'वाले ठाम आहेत. युक्तिवाद लंगडा आहे, कारण आद्याक्षरी शब्द मूळ शब्दांचे उच्चार पाळतातच असे नाही. पण वापर युक्तिवादावर चालत नाही.

लिनस टोरवाल्ड्स यांनी तर आपल्या 'लिनक्स' या संगणक प्रणालीच्या नावाच्या उच्चाराची ध्वनिफीतच उपलब्ध करून दिली होती. तीत ते स्वतःचे नाव सांगून, आपण त्या शब्दाचा उच्चार त्या शब्दासारखाच करतो, एवढेच म्हणतात. रोमन लिपीत उतरवल्यास या वाक्यातून काहीच कळत नाही. देवनागरीत मात्र ते 'मी लिनक्सचा उच्चार लिनुक्स असा करतो' असे काहीसे लिहावे लागेल.