ऑर्डर नाकारली गेली की पोहोचलीच नाही, हे ॲपला कसे कळावे?

प्रश्न: ॲपवाला, अक्कलकोट रोड

नमस्कार. येथील एमआयडीसीतील टॉवेल आणि चादरींच्या घाऊक व्यापाऱ्यांसाठी आम्ही ऑर्डर घेण्याचे अँड्रॉइड ॲप चालवतो. सेल्समन मंगळवेढा, सांगोला, करमाळा अशा गावांत दुकानोदुकानी फिरून ऑर्डर नोंदवतात आणि ती आमच्या वेब सर्व्हिसकडे जाते. ही सर्व्हिस आमच्या हाती आली तेव्हापासून तिची रीत अशी आहे, की काहीही घडले तरी ती २०० (‘सर्व ठीक’) हाच स्टेटस कोड, म्हणजे निकाल सांगणारा आकडा, पाठवते आणि उत्तराच्या पोटात ‘माल शिल्लक नाही’, ‘उधारीची मर्यादा संपली’ असे एखादे वाक्य घालते. ॲप ते वाक्य अक्षरशः ताडून पाहते आणि पुढची स्क्रीन ठरवते. मध्यंतरी सर्व्हरच्या बाजूने कोणीतरी ‘उधारीची’ काढून ‘क्रेडिटची’ केले, आणि मर्यादा संपलेल्या पार्टीच्या ऑर्डरीही ॲपमध्ये यशस्वी दिसू लागल्या.

दुसरे दुखणे रेंजचे आहे. ऑर्डर जाताना नेटवर्क गेले की ‘पुन्हा प्रयत्न करा’ असे येते, सेल्समन पुन्हा बटण दाबतो, आणि एकाच पार्टीच्या दोन ऑर्डरी उभ्या राहून गोदामात दुप्पट गाठी बांधल्या जातात. नवी मांडणी करताना सुरुवात कोठून करावी?

उत्तर: बॅकएंडवाली, जुळे सोलापूर

सुरुवात स्टेटस कोडपासून करावी. विनंतीतच दोष असेल तर ४०० च्या घरातील कोड आणि सर्व्हर स्वतः अडखळला असेल तर ५०० च्या घरातील कोड, एवढी विभागणी पाळली तरी ॲपचा निम्मा गोंधळ मिटतो, कारण पहिल्या प्रकारात तीच विनंती पुन्हा पाठवून बहुधा काहीच साधत नाही आणि दुसऱ्या प्रकारात साधू शकते. सरसकट २०० पाठवण्याचा आणखी एक तोटा असा, की इंजिनएक्स या वेब सर्व्हरच्या लॉगमध्ये (नोंदवहीत) सर्व काही आलबेल दिसते आणि बिघाडाची बातमी तुम्हाला सेल्समनच्या फोनवरून मिळते.

मात्र ‘माल नाही’ आणि ‘मर्यादा संपली’ या दोहोंसाठी वेगवेगळे कोड शोधत बसू नये. ४०९ (‘सद्यस्थितीशी विसंगत’) की ४२२ (‘मजकूर समजला, पण अमलात आणता येत नाही’) यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. मला त्यात फारसा अर्थ दिसत नाही. दोन्हींना एकच कोड द्या आणि नेमके कारण उत्तराच्या मजकुरात ठेवा. त्यासाठी इंटरनेट मानकांच्या दस्तऐवजांत (आरएफसी) तयार साचा आहे: २०१६ मध्ये आलेले आरएफसी ७८०७ आणि २०२३ मध्ये त्याची जागा घेणारे आरएफसी ९४५७. त्यात टाइप (त्रुटीचा प्रकार), टायटल, स्टेटस, डिटेल (सविस्तर वाक्य) आणि इन्स्टन्स अशी क्षेत्रे आहेत, आणि किती डझन शिल्लक आहेत यासारखे आपले क्षेत्रही जोडता येते. ॲपने निर्णय टाइपवरूनच घ्यावा. डिटेलमधील वाक्य माणसासाठी असते आणि ॲपने त्यातून अर्थ काढत बसू नये, असे त्या दस्तऐवजातही म्हटले आहे. तुमच्या पहिल्या दुखण्याचे मूळ नेमके हेच आहे.

उत्तर: अँड्रॉइडकर, होटगी रोड

ताईंचे म्हणणे योग्य आहे, पण त्याने दुहेरी ऑर्डरींचा प्रश्न सुटणार नाही. सर्व्हरने ‘हो’ म्हटले, सर्व्हरने ‘नाही’ म्हटले, आणि सर्व्हर काय म्हणाला हे कळलेच नाही, अशा तीन शक्यता असतात. तुमचे ॲप तिसरीला दुसरीत ढकलते. ओकेएचटीटीपी या अँड्रॉइडवरील नेटवर्क लायब्ररीत उत्तर वाचण्याची मुदत मुळात १० सेकंदांची असते. ती संपली याचा अर्थ ऑर्डर नोंदली गेली नाही असा मुळीच नाही; कदाचित ती नोंदली गेली असेल आणि फक्त उत्तर वाटेत हरवले असेल. गेट (वाचणे), पुट (जागी ठेवणे) आणि डिलीट (काढणे) या विनंत्या पुन्हा पाठवल्या तरी अपेक्षित परिणाम एकदाच पाठवल्यासारखा राहतो, नवी नोंद पाठवणाऱ्या पोस्टबद्दल मात्र एचटीटीपी (वेबवरील देवाणघेवाणीचे नियम) तशी हमी देत नाही.

म्हणून प्रत्येक ऑर्डरला फोनमध्येच एक यूयूआयडी (दुसऱ्या कशाशी न जुळणारा ओळख क्रमांक) द्यावा आणि कितीही वेळा पाठवली तरी तोच सोबत जावा. पूर्वीच्या ऑर्डर बुकात प्रत्येक पानावर छापील क्रमांक असे आणि तेच पान दोनदा आले तर मुनीम माल दोनदा काढत नसे. हे तसेच आहे. डेटाबेसमध्ये त्या क्रमांकावर युनिक बंधन (तोच क्रमांक दुसऱ्यांदा न स्वीकारण्याचे) घालावे. ‘आधी शोधा, नसेल तर घाला’ एवढ्यावर विसंबू नये, कारण दोन विनंत्या एकाच क्षणी आल्या तर दोघींनाही ‘नाही’ असेच उत्तर मिळते. क्रमांक आधीच नोंदलेला असेल तर त्रुटी न पाठवता मूळ उत्तरच परत द्यावे.

ॲपवाला, अक्कलकोट रोड

दोघांचेही आभार. हा क्रमांक बटण दाबल्यावर तयार करावा का? आणि उत्तर कळले नाही तर सेल्समनला नेमके काय दाखवावे? दुकानदार समोर बसलेला असतो, त्यामुळे ‘माहीत नाही’ असे म्हणणे त्याला जड जाते.

उत्तर: अँड्रॉइडकर, होटगी रोड

बटणावर मुळीच नको, नाहीतर प्रत्येक दाबण्याला नवा क्रमांक मिळेल आणि सगळा खटाटोप वाया जाईल. ऑर्डरचा फॉर्म उघडताच क्रमांक तयार करून फोनमधील डेटाबेसमध्ये ठेवावा आणि पाठवण्याचे काम पार्श्वभूमीत कामे पार पाडणाऱ्या अँड्रॉइडच्या वर्कमॅनेजरकडे सोपवावे. स्क्रीनवर ‘ऑर्डर फोनमध्ये जपली आहे, रेंज आली की आपोआप जाईल, पुन्हा भरू नका’ असे लिहावे. दुकानदारासमोर हे सांगायला कोणालाही संकोच वाटणार नाही. अशी अधांतरी ऑर्डर मात्र बदलू देऊ नये. त्याच क्रमांकाखाली वेगळा माल आला तर सर्व्हरने ती विनंती नाकारलीच पाहिजे.

आणखी एक. सर्व्हिस बंद असताना इंजिनएक्सकडून ५०२ सोबत जेसन या डेटाच्या साच्याऐवजी एचटीएमएल पान येते. जेसन वाचणाऱ्या जीसन लायब्ररीने ते उलगडायचा प्रयत्न केला की उडणारा एक्सेप्शन (चालू प्रोग्राममधील बिघाड) आयओएक्सेप्शनच्या, म्हणजे डेटाच्या ये-जा करण्यातील बिघाडाच्या, जातीचा नसतो, त्यामुळे तेवढाच पकडणारे ॲप बंद पडते. त्रुटीचा मजकूर वाचण्याआधी कंटेंट टाइप (उत्तर कोणत्या स्वरूपात आहे ते) तपासावा.

उत्तर: बॅकएंडवाली, जुळे सोलापूर

पुन्हा पाठवण्याच्या वेळेबद्दल: ४२९ (फार विनंत्या) किंवा ५०३ (सेवा सध्या उपलब्ध नाही) सोबत रिट्राय-आफ्टर (‘इतक्या वेळाने पुन्हा या’) हेडर आले असेल तर तेवढे थांबावे, नसेल तर दर खेपेस अंतर दुप्पट करावे आणि त्यात थोडी यादृच्छिक भर घालावी, नाहीतर सर्व्हर उठताच सगळे फोन एकदम त्याच्यावर तुटून पडतील. एक्सेप्शनचा स्टॅक ट्रेस (बिघाडापर्यंतच्या कोडच्या पायऱ्या) किंवा डेटाबेसचे एसक्यूएल बाहेर जाऊ देऊ नये; एक संदर्भ क्रमांक द्यावा आणि तोच लॉगमध्ये लिहावा, म्हणजे सेल्समनने तो फोनवर वाचून दाखवला की नोंद सापडते.

सर्व्हिसचा जुना वेब पत्ता मात्र लगेच बदलू नका. गावोगावच्या फोनमधील जुनी ॲप २०० चीच वाट पाहत असतील, म्हणून नवी रीत वेगळ्या पत्त्यावर सुरू करा, प्रत्येक विनंतीसोबत ॲपची आवृत्ती पाठवा आणि जुन्या आवृत्त्या लॉगमधून दिसेनाशा झाल्यावरच जुना पत्ता बंद करा.