उत्तर: आई-बाबा आलेत, पाण्याकाठी कुठे नेऊ? (फॉक्सटन, ट्रिंग वगैरे)

नमस्कार मंडळी,

आई-बाबा सप्टेंबरपर्यंत आमच्याकडे लेस्टरला आहेत. लंडन झालं, बाथ झालं, आता बाबा म्हणतायत गर्दी पुरे, पाण्याकाठी निवांत बसता येईल असं काहीतरी दाखव. पण ते पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेत, त्यामुळे नुसत्या व्ह्यूवर भागत नाही, हे पाणी आलं कुठून आणि जातं कुठे ते सांगावं लागतं. आईचे गुडघे दुखतात, चढ-उतार फार नको. विंडरमियरला एका दिवसात जाऊन येता येईल का? की जवळपास काही आहे?

— लेस्टरहून

---

अगं विंडरमियर एका दिवसात अजिबात नको. जाऊन-येऊन सात-आठ तास गाडीतच जातील, आईच्या गुडघ्यांचं काय होईल? तिकडे जायचं तर दोन रात्री राहायचं ठरवून जा.

आणि बाबा पाटबंधाऱ्यातले असतील तर डोळे मिटून फॉक्सटनला ने. मार्केट हार्बरोच्या जवळ, तुमच्याकडून फार लांब नाही. ग्रँड युनियन कालव्याची लेस्टर शाखा तिथे 75 फूट टेकडी चढते, 10 लॉकमधून (लॉक म्हणजे दोन्हीकडे दरवाजे असलेला कालव्याचा कप्पा, त्यात पाणी भरून किंवा सोडून बोट वर-खाली नेतात). पाच-पाच लॉकचे दोन जिने आहेत, म्हणजे एका लॉकचा वरचा दरवाजा तोच पुढच्या लॉकचा खालचा दरवाजा, मधे कालवाच नाही. दोन जिन्यांच्या मधे तेवढी बोटींना एकमेकींना ओलांडायला जागा ठेवली आहे. हे 1814 मध्ये सुरू झालं आणि आजही तसंच हातानं चालतं, पंप नाही, वीज नाही. बोट चढायला किंवा उतरायला पाऊण ते एक तास लागतो. तुम्ही काठावर उभे असलात तर दरवाजा ढकलायला बोटवाले आनंदानं बोलावतात, माझ्या दोन्ही मुलांनी तिथे जोर लावलाय, पण आधी विचारायचं.

बाबांना बाजूचे तलाव नक्की दाखव. प्रत्येक लॉकशेजारी एक छोटा साइड पाँड आहे, वरच्या लॉकचं पाणी त्यात उतरतं आणि त्यातून खालचा लॉक भरतो. पॅडलना, म्हणजे पाणी सोडायच्या झडपांना, लाल आणि पांढरा रंग दिलाय. आधी लाल उघडायचं म्हणजे पाँडमधलं पाणी खालच्या लॉकमध्ये जाऊन जागा होते, मग पांढरं, म्हणजे वरच्या लॉकचं पाणी त्या जागेत येतं. उलटं केलं की पाँड भरून वाहतो. म्हणून लॉककीपरला सांगितल्याशिवाय कुणी बोट आत घालत नाही.

आणखी एक, टेकडीच्या बाजूला 1900 मध्ये उतरणीवरची बोट-लिफ्ट बांधली होती. रुळांवर दोन मोठ्या टाक्या, एक वर जाते तेव्हा दुसरी खाली येते, वाफेच्या इंजिनावर. तासाचं काम 12 मिनिटांत! पण कालव्याच्या दुसऱ्या टोकाला वॉटफर्डचे लॉक (लंडनजवळचं नव्हे, नॉर्थहॅम्पटनशायरमधलं गाव) अरुंदच राहिले, रुंद बोटी आल्याच नाहीत, दहा-अकरा वर्षांत ती बंद पडली आणि 1928 मध्ये भंगारात विकली. मला त्या उतारावर उभं राहिलं की फार वाईट वाटतं, एवढी हुशारी आणि एका अरुंद जागेपायी सगळं फुकट. जुन्या बॉयलर हाऊसमध्ये छोटं म्युझियम आहे, बघाच.

लॉकच्या कडेनं चढ आहे, पण आईंनी खाली पाण्याकाठी बसावं, तिथे पब आहे, बाकं आहेत. तुम्ही दोघं वर जाऊन या. पार्किंगला पैसे पडतात.

— हार्बरोचे काका

---

काका, फॉक्सटनला अनुमोदन! पण माझं मत असं की एखादा दिवस ट्रिंगलाही द्यावा, हर्टफर्डशायरमध्ये. मार्सवर्थ, स्टार्टप्स एंड, ट्रिंगफर्ड आणि विल्स्टन असे चार जलाशय आहेत, ग्रँड युनियनला तिथे चिल्टर्न टेकड्या ओलांडायच्या असल्यामुळे शिखराच्या भागात पाणी पुरवायला बांधलेले. बोट शिखरावरून कुठल्याही बाजूला उतरली की लॉकभर पाणी खाली जातं, ते वर पुन्हा कुठून आणायचं, म्हणून हे तलाव. आज बघणाऱ्याला नैसर्गिक सरोवरं वाटतील, वेत आणि झाडं इतकी दाट वाढलीयत.

पक्षी तर विचारूच नका. 1938 मध्ये लिटल रिंग्ड प्लोव्हरनं ब्रिटनमध्ये पहिल्यांदा घरटं केलं ते इथेच. शेंडीवाल्या टिबुकल्या पिल्लांना पाठीवर घेऊन फिरतात. चांदवे भांडत असतात, आपल्याकडे उजनीला हिवाळ्यात असतात तेच! आईला पक्ष्यांची आवड असेल तर दुर्बीण ठेव. आणि बांधावरून सपाट वाट आहे, फक्त बांधावर चढायला थोडा उतार लागतो.

बाकी खास कुठे जायचं नसेल तर कुठल्याही गावाजवळ टोपाथवर उतरा आणि चाला. पूर्वी घोडे बोटी ओढायचे त्यांची ती वाट, म्हणून सपाट, चालायला तिकीट नाही. जुन्या पुलांच्या कडेला दोर घासून पडलेल्या खाचा अजून दिसतात. मुलांना त्यात बोटं घालायला लावा, इतिहास शिकवायची गरज पडत नाही.

— आयल्सबरीहून ताई

---

मी फक्त सुरक्षेचं लिहिते, कारण दर उन्हाळ्यात कुणी ना कुणी मुलांना घेऊन जातं आणि मला मागून फोन येतात.

एक तर डकवीड. कालव्यावर, तळ्यावर हिरवा थर येतो तो लहान मुलांना हिरवळ वाटते आणि ती पाय टाकतात, तेव्हा हात धरूनच ठेवा. लॉकच्या कडेला तर खोल आणि सरळ भिंत असते. उन्हाळ्यात तळ्याकाठी निळा-हिरवा शेवाळी थर दिसला तर मुलं आणि कुत्री दोघांना लांब ठेवा, तो विषारी असू शकतो. पोहायला बंदी आहे अशा जलाशयात कुणी उतरू नका, वरून गरम वाटतं पण आतलं पाणी थंडगार असतं, एकदम उतरलं की श्वास अडकतो. चुकून पडलंच तर धडपडू नका, पाठीवर झोपून तरंगत राहायचं, श्वास सावरला की मग ओरडायचं. आरएनएलआय (पाण्यात अडकलेल्यांना वाचवणारी इथली संस्था) हेच शिकवतं आणि ते मुलांकडून एकदा तोंडपाठ करून घ्या.

— वहिनी, बर्मिंगहॅम

---

सर्वांना सप्रेम नमस्कार. मुलीच्या आयडीवरून लिहितो आहे. काल फॉक्सटन पाहून आलो. हार्बरोच्या काकांचे मनापासून आभार.

आमच्या नाशिककडे कालवा म्हणजे आवर्तन, पाणी सुटलं की शेतकऱ्याचं लक्ष चारीवर. इथे पाणी कुणाच्याही शेतात जात नाही, बोटीसाठी उभं धरून ठेवलेलं आहे, हे प्रथम विचित्र वाटलं. पण जसजसा बघत गेलो तसतसा त्या इंजिनियर लोकांबद्दलचा आदर वाढला. दरवाजे प्रवाहाच्या वरच्या बाजूला टोक करून मिटतात, त्यामुळे पाण्याचा दाब जितका जास्त तितके ते घट्ट बसतात. अस्तरीकरण सगळं चिकणमातीचं, पाणी घालून मळून तुडवलेली. आमच्या मातीच्या धरणाच्या गाभ्यातही अशीच माती भरायची असते. माती कुठेही असो, दाबली नाही की पाझरते.

एका लॉकला सुमारे एक लाख लिटर पाणी लागतं. वरचा फॉक्सटन ते वॉटफर्ड हा 20 मैलांचा पट्टा एकाच पातळीवर आहे, त्याला नेझबी, सल्बी आणि वेलफर्ड इथल्या जलाशयांचं पाणी येतं असं समजलं. कोरड्या उन्हाळ्यात पाणी कमी पडलं की लॉक बंद ठेवावे लागतात, म्हणजे नियोजनाची डोकेदुखी इथेही आहेच. हा सगळा कारभार आता कॅनल अँड रिव्हर ट्रस्ट बघतो.

मला ते जलाशय आणि त्यांचे सांडवे पाहायचे आहेत. मुलीला आठवड्यात सुट्टी नाही. बुधवारी किंवा गुरुवारी वेलफर्डच्या बाजूला कुणी जाणार असेल तर मला बरोबर न्यावं. डबा आमच्याकडून, सौ. थालीपीठ करणार आहे. तिला ट्रिंगला जायचं आहे, तर आयल्सबरीच्या ताईंनी त्यांच्या सोयीचा वार कळवावा.